चेहऱ्याचा मज्जातंतू आणि कवटीच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्या

मनुष्याच्या मनातील सुखदुःखे प्रथम त्याच्या चेहऱ्यावर उमटतात. ओठांची किंचित हालचाल, भुवयांचे आकुंचन, कपाळावर पडणाऱ्या आठ्या, डोळ्यांची उघडझाप या साऱ्या क्रिया चेहऱ्याच्या त्वचेखाली असलेल्या लहान लहान स्नायूंकडून होत असतात. डाव्या बाजूच्या स्नायूंना हुकूम पोचविणारा मज्जातंतू एक, आणि उजव्या बाजूच्या स्नायूंना हुकूम पोचविणारा दुसरा. या दोहोंपैकी एकाचे काम थांबले की चेहऱ्याची ती बाजू निश्चल होते. कपाळावरच्या आठ्या नाहीशा होतात, डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा खाली लोंबतो आणि हसताना तोंड निरोगी बाजूकडे ओढले जाते. पाणी पिताना ते ओठांतून गळते. घास गालात अडकून राहतो.

या विकारास आपल्याकडे ‘तोंडावरून वारे जाणे’ असे म्हणतात. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत त्याचे वर्णन ‘अर्दित’ या नावाने आले असून त्याची गणना वातरोगांत केलेली आहे. हा विकार इतका जुना व इतका परिचित असल्यामुळे त्याचे कारण एकच असावे अशी समजूत सहज होते. वस्तुतः ते अनेक असते. त्यांपैकी एका विशेष प्रकारच्या कारणाचा विचार येथे करावयाचा आहे. कवटीच्या तळाशी, जेथे हा मज्जातंतू मेंदूतून निघून हाडात शिरतो व हाडातून बाहेर पडतो, तेथे अनेक रक्तवाहिन्या त्याच्या निकट सान्निध्यात असतात. त्यांपैकी एखादी वेडीवाकडी वाढली, फुगली किंवा तिच्यापासून गाठ निर्माण झाली, तर चेहरा एक तर फडफडू लागतो किंवा हळूहळू लुळा पडतो. अशी कारणे विरळ असतात हे खरे. परंतु ती वेळीच ओळखली गेली नाहीत तर चेहऱ्याची गेलेली हालचाल पुनः मिळविणे अशक्य होऊन बसते. म्हणून त्यांची माहिती सामान्य वाचकासही असणे इष्ट आहे.

मज्जातंतूचा मार्ग

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. चेहऱ्याचा मज्जातंतू हा त्यांतील सातवा. मोठ्या मेंदूच्या खाली, मज्जारज्जूकडे जाणारा जो देठासारखा भाग असतो, त्याच्या कडेने तो बाहेर पडतो. त्याच्या शेजारूनच आठवा, म्हणजे श्रवणाचा व शरीराचा तोल सांभाळण्याचा मज्जातंतू निघतो. लहान मेंदूच्या पुढील कोपऱ्यातील मोकळी जागा ओलांडून हे दोघे सोबती कानामागील शंखास्थीत शिरतात. या मोकळ्या जागेतूनच मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या रोहिणी वळणे घेत जातात, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी.

शंखास्थीत शिरल्यावर आठवा मज्जातंतू अंतःकर्णाकडे वळतो, आणि सातवा एकटाच एका अरुंद अस्थिमय बोगद्यातून पुढे जातो. या बोगद्याचे वर्णन इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गॅब्रिएले फॅलोपिओ याने १५६१ साली प्रसिद्ध केले, आणि त्याचेच नाव आजही त्याला दिले जाते. बोगद्याची लांबी सुमारे ३० मिलिमीटर असते. त्याचा आरंभीचा भाग सर्वांत अरुंद असून तेथे त्याचा व्यास सरासरीने ०.७ मिलिमीटरहूनही किंचित कमी भरतो. शरीरातील दुसरा कोणताही मज्जातंतू हाडातून एवढा लांब व एवढा चिंचोळा प्रवास करीत नाही.

वाटेत या मज्जातंतूला काही शाखा फुटतात. एक शाखा डोळ्यातील अश्रूंच्या ग्रंथीकडे संदेश नेते. दुसरी मध्यकर्णातील रिकीब नावाच्या चिमुकल्या हाडाच्या स्नायूकडे जाते; तो स्नायू मोठ्या आवाजाचा आघात सौम्य करतो. तिसरी शाखा जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची रुची मेंदूकडे पोचविते. अखेरीस मज्जातंतू कानाच्या पाळीमागील एका छिद्रातून बाहेर येतो, कानाखालच्या लाळग्रंथीत शिरतो आणि तेथे त्याच्या पाच प्रमुख शाखा होऊन त्या कपाळापासून मानेपर्यंत पसरतात.

एवढ्या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. मऊ मांसातून जाणाऱ्या मज्जातंतूजवळ काही सूज आली तर त्याला बाजूस सरकण्यास वाव असतो. हाडाच्या बोगद्यातील मज्जातंतूला तो नसतो. म्हणून या ठिकाणी दोषाच्या आकारापेक्षा त्याच्या जागेला महत्त्व अधिक आहे. दुसरीकडे ज्याची कोणाला दादही लागली नसती असा मिरीच्या दाण्याएवढा दोष येथे अर्धा चेहरा लुळा करू शकतो.

प्रथम कोणता प्रश्न विचारावा?

तोंड वाकडे झालेला रुग्ण समोर आला की वैद्य त्यास प्रथम भुवया वर उचलावयास सांगतात. या साध्या परीक्षेमागील कारण मनोरंजक आहे. कपाळाच्या प्रत्येक बाजूस मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतात. चेहऱ्याच्या खालच्या भागास मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धाकडूनच येतात. म्हणून मेंदूत रक्तस्राव होऊन किंवा तेथील रोहिणी तुंबून पक्षाघात झाला असेल, तर ओठाचा कोपरा लोंबतो पण कपाळावर आठ्या घालता येतात. उलट दोष मज्जातंतूतच असेल तर कपाळ, डोळा व ओठ हे तिन्ही एकदमच निकामी होतात. पहिल्या प्रकारात रुग्णास तात्काळ रुग्णालयात नेले पाहिजे, कारण तेथे प्रत्येक मिनिटाचे मोल असते. तोंड अचानक वाकडे झाले आणि त्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले अथवा तोल गेला, तर कपाळाच्या परीक्षेत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे.

मज्जातंतूच्या दोषांपैकी सर्वांत अधिक आढळणारा दोष चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याच्या नावाने ओळखला जातो. बेल हा कुशल चित्रकारही होता, आणि चेहऱ्यावरील भावांच्या शरीररचनेविषयी त्याने १८०६ साली चित्रकारांसाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पुढे १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने चेहऱ्याच्या निरनिराळ्या मज्जातंतूंची कामे वेगवेगळी असल्याचे दाखविले. ‘बेलचा पक्षाघात’ एक-दोन दिवसांत पूर्णत्वास जातो. दरसाल एक लाख लोकांपैकी सुमारे २० ते ३० लोकांना तो होतो. बोगद्यातील मज्जातंतूला सूज येणे हे त्याचे स्वरूप असून त्यामागे बहुधा विषाणूंचा हात असावा असे मानले जाते. काही उपचार न करताही दहांतील सुमारे सात रुग्ण पूर्ण बरे होतात. पहिल्या ७२ तासांत प्रेड्निसोलोन हे औषध वैद्यांच्या सल्ल्याने सुरू केल्यास हे प्रमाण आणखी वाढते.

म्हणजे बेलच्या पक्षाघाताची दोन लक्षणे ठरली. तो झपाट्याने येतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो सुधारू लागतो. आता ज्या विकारांचा विचार करावयाचा आहे, ते या दोन्ही बाबतींत वेगळे वागतात.

रोहिणीचा ठोका आणि फडफडणारा डोळा

पहिला विकार पक्षाघाताच्या अगदी उलट भासतो. मध्यम वयाच्या एखाद्या व्यक्तीची एका डोळ्याखालची पापणी आपोआप फडफडू लागते. डोळा लवण्याचा अनुभव सर्वांनाच असतो, आणि तो एक-दोन दिवसांत थांबतो. येथे मात्र तो थांबत नाही. महिन्यामागून महिने जातात तशी ही फडफड गालावर, ओठाच्या कोपऱ्यावर व मानेपर्यंत उतरते. डोळा आवळून मिटतो, तोंड एका बाजूस ओढले जाते. झोपेतही हे झटके पूर्णपणे थांबतात असे नाही. दीर्घकाळ चाललेल्या विकारात त्या बाजूचे स्नायू काहीसे दुबळेही होतात. एक लाख लोकांपैकी सुमारे दहांना हा विकार असतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते.

याचे कारण कोठे आहे याचा पहिला धागा जर्मनीत मिळाला. १८७५ साली फ्रीड्रिख शुल्ट्झे या वैद्याने अशा विकाराच्या एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका रोहिणीवर चेरीच्या फळाएवढा फुगवटा आला होता, आणि तो चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबून बसला होता. हा अपवादात्मक प्रकार समजून त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकन मज्जाशल्यतज्ज्ञ वॉल्टर डँडी याने पाचव्या मज्जातंतूच्या तीव्र वेदनेच्या रुग्णांत तेथेही रक्तवाहिन्यांचा दाब असल्याचे नमूद केले. १९४७ साली कॅम्पबेल व कीडी यांनी चेहरा फडफडण्याच्या दोन रुग्णांत मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांची विकृती आढळल्याचे सांगितले. १९६२ साली गार्डनर व सावा यांनी हा विकार परतविता येण्याजोगा आहे, म्हणजे मज्जातंतू कायमचा नष्ट झालेला नसतो, असे प्रतिपादन केले.

या सर्व धाग्यांची वीण घालण्याचे श्रेय पीटर जॅनेटा (१९३२–२०१६) या अमेरिकन शल्यतज्ज्ञाकडे जाते. १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक यंत्र वापरले जात होते. कानामागील हाडात लहानशी खिडकी पाडून जॅनेटाने त्या यंत्रातून मज्जातंतूचा उगम पाहिला, तेव्हा त्यास तेथे एका रक्तवाहिनीचे वळण मज्जातंतूवर टेकलेले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यावर आपटत असलेले दिसले. शवविच्छेदनात ही गोष्ट सहसा का दिसली नव्हती हेही त्यावरून उमगते. मृत्यूनंतर रोहिणीतील रक्ताचा दाब नाहीसा होतो, ती मिटते, आणि मेंदू कवटीतून बाहेर काढताना तिची जागाही बदलते. जो दोष केवळ जिवंत शरीरात धडधडत असतो, तो मृत शरीरात कसा सापडावा?

वयोमानाने रोहिणींच्या भिंती कठीण होतात, त्या लांबतात आणि त्यांची वळणे वाढतात. मज्जातंतूच्या उगमापाशी त्याच्या सूक्ष्म धाग्यांवरील मेदाचे संरक्षक आवरण नाजूक असते, कारण तेथे मेंदूतील आवरण संपून बाहेरचे आवरण सुरू होत असते. नेमक्या याच जागी वर्षानुवर्षे ठोके बसत राहिले म्हणजे आवरण झिजते. मग शेजारच्या धाग्यांतील विद्युत्-संदेश एकमेकांत मिसळू लागतात आणि मेंदूतील मज्जापेशीही अकारण उत्तेजित होऊ लागतात. डोळा मिटण्याचा हुकूम सुटला असता ओठही ओढला जातो तो यामुळे. शस्त्रक्रिया चालू असताना याची प्रत्यक्ष परीक्षा घेता येते. मज्जातंतूच्या एका शाखेस सौम्य विद्युत्-धक्का दिला की दुसऱ्या शाखेच्या स्नायूतही हालचाल उमटते. रोहिणी मज्जातंतूवरून उचलली की ती पुष्कळदा त्याच क्षणी थांबते.

उपचार तत्त्वतः अगदी सोपा आहे. रोहिणी कापावयाची नसते, कारण ती मेंदूचे पोषण करीत असते. तिला अलगद दूर सारून ती व मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या मऊ तंतूंची लहानशी गादी ठेवावयाची. जॅनेटा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ४७ रुग्णांवरील अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज अनुभवी शल्यतज्ज्ञांच्या हातून दहांतील आठ ते नऊ रुग्णांस दीर्घकाळ आराम मिळतो. तथापि श्रवणाचा मज्जातंतू अगदी शेजारी असल्यामुळे काही थोड्या रुग्णांची त्या कानाची श्रवणशक्ती जाते. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा झेपणार नाही, त्यांच्या फडफडणाऱ्या स्नायूंत बॉट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचून ते शिथिल करता येतात. शिळ्या अन्नातून प्राण घेणाऱ्या या विषाचा औषध म्हणून असा उपयोग करण्यास अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली. त्याचा परिणाम तीन ते चार महिने टिकतो, आणि मग ते पुनः टोचावे लागते.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. अनेक निरोगी माणसांतही रोहिणी मज्जातंतूला टेकलेली आढळते, आणि त्यांना काहीच त्रास नसतो. म्हणून केवळ चित्रात स्पर्श दिसला एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. रुग्णाची लक्षणे आणि चित्रातील पुरावा या दोहोंचा मेळ बसला पाहिजे.

हाडात दडलेली नीलांची गुंतवळ

दुसऱ्या प्रकारात दोष हाडाच्या बोगद्यातच असतो. बोगद्याच्या सर्वांत अरुंद भागाच्या टोकाशी मज्जातंतूला एक गुडघ्यासारखे वळण आहे. या वळणापाशी त्याच्याभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. क्वचित त्या जाळ्यातील नीला विकृत रीतीने वाढून त्यांची गुंतवळ तयार होते. पूर्वी तिला रक्तवाहिन्यांचे अर्बुद म्हणत असत. आता ती नीलांची रचनाविकृती मानली जाते.

या गुंतवळीचा आकार पुष्कळदा काही मिलिमीटरच असतो, आणि तरीही तिच्यामुळे होणारा पक्षाघात तीव्र असतो. आकार व परिणाम यांतील ही तफावतच तिची खूण मानली जाते. चेहरा काही महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू लुळा पडतो. मधूनमधून तो फडफडतो. कधी थोडासा सुधारतो आणि पुनः बिघडतो. मज्जातंतूचे अनेक धागे मरत असता उरलेले धागे जे अनियमित संदेश सोडतात, त्यांचा हा परिणाम होय. काही गुंतवळींत हाडाचे बारीक काटे निर्माण होतात, आणि क्ष-किरणांच्या संगणकीय चित्रात त्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसतात.

अशा रुग्णास बेलचा पक्षाघात झाला आहे असे समजून वाट पाहावयास सांगितले, तर फार मोठी हानी होते. गुंतवळ लहान असताना ती मज्जातंतूपासून सोडवून घेता येण्याची शक्यता अधिक असते. ती धाग्यांत शिरली म्हणजे मज्जातंतूचा तेवढा तुकडा कापून त्या जागी पायाच्या पोटरीतील किंवा मानेतील एखाद्या स्पर्शमज्जातंतूचा तुकडा जोडावा लागतो. जोडलेल्या मज्जातंतूतून हालचाल परत आली तरी ती पूर्वीसारखी निर्दोष कधीच नसते.

कानात ऐकू येणारी नाडी

तिसरा प्रकार मानेकडे उतरणाऱ्या मोठ्या नीलेशी निगडित आहे. मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी ही नीला कवटीच्या तळातून बाहेर पडताना तेथे फुगीर होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा शेवटचा, खाली उतरणारा भाग तिच्या जवळूनच जातो. या नीलेच्या भिंतीत व मध्यकर्णात पेशींचे सूक्ष्म पुंजके असतात. त्यांचे वर्णन बाल्टिमोर येथील स्टेसी गिल्ड याने १९४१ साली केले, आणि त्यांपासून उद्भवलेल्या मध्यकर्णातील अर्बुदाची नोंद न्यूयॉर्कच्या हॅरी रोझेनवॉसर याने १९४५ साली केली. ही अर्बुदे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असतात. बहुतेक अर्बुदे कर्करोगाच्या स्वरूपाची नसतात, आणि त्यांची वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर इतकी मंद असते. स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात.

रोगाचे पहिले लक्षण चेहऱ्यावर नसून कानात असते. रुग्णास एका कानात नाडीच्या ठोक्याबरोबर ‘सूंऽ सूंऽ’ असा आवाज ऐकू येतो. जिना चढल्यावर नाडी जलद झाली की आवाजही जलद होतो. त्या कानाने कमी ऐकू येऊ लागते. कानाच्या पडद्यामागे वैद्यांना लालसर गाठ दिसते. ही गाठ कानातून खुडून तपासणीस पाठविण्याचा मोह आवरावा लागतो, कारण त्यातून भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. अर्बुद वाढत जाऊन हाड पोखरू लागले म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूवर घाला येतो. त्याच छिद्रातून व त्याच्या आसपास आणखी काही मज्जातंतू जात असल्यामुळे आवाज घोगरा होणे, गिळताना ठसका लागणे, जीभ एका बाजूस वळणे ही लक्षणेही दिसतात.

यांपैकी काही अर्बुदे आनुवंशिक असतात. २००० साली त्यांना कारणीभूत असलेले एक जनुक ओळखण्यात आले. या जनुकातील दोषाचा एक चमत्कारिक विशेष असा की तो पित्याकडून आला असता अर्बुदे होण्याचा संभव असतो, मातेकडून आला असता सामान्यतः नसतो. म्हणून एका रुग्णात हे अर्बुद आढळले की त्याच्या नातलगांचीही चौकशी केली जाते.

पूर्वी अशा अर्बुदाला हात लावण्यास शल्यवैद्य धजत नसत. स्वित्झर्लंडमधील उगो फिश याने १९७० नंतरच्या दशकात चेहऱ्याचा मज्जातंतू बोगद्यातून अलगद बाहेर काढून पुढे सरकवावयाचा आणि मग कवटीच्या तळाशी पोचावयाचे अशी पद्धती बसविली. आज रुग्णाचे वय, अर्बुदाचा आकार व लक्षणे यांचा विचार करून शस्त्रक्रिया करावयाची, नेमक्या जागी किरणोपचार द्यावयाचे, की नियमित चित्रे काढून केवळ लक्ष ठेवावयाचे, हे ठरविले जाते. गाठ काढताना चेहरा कायमचा लुळा होणार असेल तर ती पूर्णपणे काढण्याचा आग्रहही अनेक तज्ज्ञ आता धरीत नाहीत.

मज्जातंतूचे स्वतःचे पोषण

रक्तवाहिन्या मज्जातंतूच्या केवळ शेजारी नाहीत. त्यांच्यावरच तो जगतो. बोगद्यातील भागास प्रामुख्याने दोन सूक्ष्म रोहिणी रक्त पुरवितात. एक मेंदूच्या आवरणातील मोठ्या रोहिणीपासून निघून वरून येते, आणि दुसरी कानामागील छिद्रातून खालून वर चढते. या दोघींचे महत्त्व शल्यतज्ज्ञांना एका विशेष प्रसंगी ध्यानात ठेवावे लागते. रक्ताने भरलेले अर्बुद काढण्यापूर्वी त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींत बारीक नळीवाटे सूक्ष्म कण किंवा चिकट द्रव सोडून त्या बंद करतात, म्हणजे शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो. याच उपायाने मेंदूच्या आवरणातील रोहिणी व नीला यांचा विकृत संयोगही बंद करता येतो. परंतु सोडलेले द्रव्य चुकून वरील दोन रोहिणींत गेले तर मज्जातंतूचे पोषण थांबते आणि जो चेहरा वाचवावयाचा तोच लुळा पडतो. म्हणून हे काम करणारे तज्ज्ञ द्रव्य सोडण्यापूर्वी प्रत्येक शाखेचे चित्र बारकाईने पाहतात.

अशी चित्रे काढण्याची विद्या गेल्या शंभर वर्षांतील आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांनी प्रथम दिसल्या त्या १९२७ साली, पोर्तुगालमधील एगास मोनिझ याच्या प्रयत्नांमुळे. १९७१ साली इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या संगणकीय क्ष-किरण यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. हाडाचे बारकावे त्यात उत्तम दिसतात. त्यानंतर आलेल्या चुंबकीय अनुनादाच्या, म्हणजे एम.आर.आय. यंत्राने मऊ मज्जातंतू, त्यावर टेकलेली रोहिणी आणि बोगद्यातील गुंतवळ ही शस्त्राचा स्पर्शही न करता पाहता येऊ लागली. शुल्ट्झेला जे मृत्यूनंतर दिसले ते आज रुग्ण चालत घरी जाण्यापूर्वी दिसते.

आपल्या देशात मज्जाशल्यचिकित्सेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला, आणि पुढील वर्षी मद्रास येथे डॉ. बी. राममूर्ती यांनी या कार्यास आरंभ केला. वर वर्णन केलेल्या शस्त्रक्रिया आज देशातील मोठ्या शहरांतून होतात.

डोळ्याची काळजी व काळाची मर्यादा

कारण कोणतेही असो, दोन गोष्टी प्रत्येक रुग्णाने जाणल्या पाहिजेत. पहिली गोष्ट डोळ्याची. पापणी मिटत नसल्यामुळे बुबुळ कोरडे पडते, त्यावर धूळ बसते, जखम होते आणि दृष्टी जाण्याचा धोका उद्भवतो. चेहरा कालांतराने सुधारला तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. दिवसा वैद्यांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार घालणे, उन्हावाऱ्यात चष्मा लावणे, आणि रात्री मलम घालून पापणी पट्टीने मिटवून ठेवणे हे उपाय साधे असले तरी ते पहिल्या दिवसापासून केले पाहिजेत. पक्षाघात दीर्घकाळ टिकणार असेल तर वरच्या पापणीत सोन्याचे बारीक वजन बसवितात, आणि मग ती स्वतःच्या भाराने मिटते.

दुसरी गोष्ट काळाची. मज्जातंतूकडून हुकूम येणे बंद झालेला स्नायू हळूहळू वाळतो. सुमारे वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर त्याच्या जागी निर्जीव तंतू उरतात, आणि मग मज्जातंतू कितीही कौशल्याने जोडला तरी त्याचा उपयोग होत नाही. इंग्लंडमधील चार्ल्स बॅलन्स याने १८९५ साली चेहऱ्याचा निकामी मज्जातंतू मानेतील दुसऱ्या मज्जातंतूशी जोडून दाखविला, तेव्हापासून अशा जोडण्यांत पुष्कळ प्रगती झाली आहे. १९७६ साली जपानमध्ये हारी व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडीतील स्नायूचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूसह गालावर बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. या युक्त्यांनी हसू काही अंशी परत मिळते. परंतु मूळ मज्जातंतू शाबूत असतानाच दोष दूर करणे हे या सर्वांहून श्रेयस्कर होय.

तात्पर्य, तोंड वाकडे झाले असता ते किती वेळात वाकडे झाले आणि त्यानंतर काय घडले, हे रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी लक्षपूर्वक टिपून ठेवावे. पक्षाघात तीन आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहिला, तीन महिन्यांत सुधारणेचे चिन्हही दिसले नाही, तीच बाजू पुनः पुनः लुळी पडली, लुळेपणाबरोबर चेहरा फडफडू लागला, कानात नाडीचा ठोका ऐकू आला, किंवा त्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर ‘वारे गेले आहे, बरे होईल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. शेकणे, मालिश किंवा अंगारेधुपारे यांत महिने घालविल्यास मज्जातंतूचा जो काळ हातचा जातो, तो कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. अशा रुग्णास कान-नाक-घशाच्या किंवा मज्जारोगांच्या तज्ज्ञाकडे नेऊन कवटीच्या तळाचे चित्र काढून घ्यावे. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत त्या चित्रात काहीही निघणार नाही आणि मनास स्वस्थता लाभेल. ज्या थोड्यांच्या बाबतीत दोष सापडेल, त्यांना मज्जातंतू जिवंत असतानाच उपचार मिळतील.